बनुआत्तीचं पारोसं तोंड

बनुबाई जगात आली ती पायांनी. डोकं आधी काढायची रीत सोडून पाय पुढे करून आली, आईला मरणाच्या दारात नेऊन आली, आणि सुईणीने नाळ कापायच्या आधीच जाहीर करून टाकलं की पोरगी पायाळू आहे. जत तालुक्यातल्या त्या वाडीत ही बातमी दुपारपर्यंत घरोघर गेली. पायाळू माणसाला काय काय जमतं ते गावाला पाठच असतं. जमिनीखालचं पाणी त्याला कळतं. कुणाच्या पाठीत उसण भरली तर त्याने लाथ घातली की ती निघून जाते. त्यामुळे चालायला लागल्यापासून बनुबाईने पोलीस पाटलापासून शाळामास्तरापर्यंत भल्याभल्यांना लाथा घातल्या आणि वर त्यांचे नमस्कार घेतले. एवढं सुख फार थोड्या बायकांच्या वाट्याला येतं.

पण मोठेपणी तिचं नाव झालं ते लाथेमुळे नव्हे, थुंकीमुळे. नायटा झाला, गजकर्ण झालं, डोळ्यावर रांजणवाडी आली, की माणसं बनुबाईच्या दारात यायची. उजाडायच्या आधी यायचं आणि अवाक्षर बोलायचं नाही, अशी रीत होती. बनुबाई मुक्यानेच उठायची, चूळ न भरता पारोशा तोंडाने उंबऱ्याशी यायची. समोरच्याने बाही वर केलेली असायची. ती बोटावर थुंकी घ्यायची, नायट्याच्या कडेने फिरवत फिरवत आत न्यायची आणि मान हलवायची. पैसा नाही, नारळ नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. काही घेतलं तर गुण जातो, असं आईने तिला बजावलं होतं. यातले काही बरे व्हायचे, काही व्हायचे नाहीत. बरे झालेले गावभर सांगत सुटायचे, बाकीचे गप्प बसायचे. पाऊसकाळात तर कानडी मुलखातूनही माणसं येत.

हे सगळं फुकट येत नव्हतं. थुंकी चांगली राहायची तर तोंड चांगलं राहायला हवं, हेही आईनेच सांगितलेलं. म्हणून दिवस मावळला की बनुबाई घास तोंडात घालत नसे. पान नाही, तंबाखू नाही, मिसरी नाही. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांवर घासल्याशिवाय ज्या गावातल्या बायकांचे सकाळी डोळे उघडत नाहीत, त्या गावात ही एकटी कडुलिंबाच्या काडीवर राहिली. गूळ, साखर वर्ज्य, त्यामुळे चहाही वर्ज्य. शिवी तर नाहीच. शिवीने तोंड नासतं. आता पाण्याच्या टँकरपुढे घागरी घेऊन उभं राहायचं आणि शिवी द्यायची नाही, हे पथ्य पाळून बघावं कुणीतरी. बनुबाईने ते जन्मभर पाळलं.

तिला दिली होती लोणंदला. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी फारसं अडवलं नाही, ती माहेरी परत आली. आली ती वेळेवर आली, कारण भाऊ आकाराम मिलिटरीत होता आणि त्याची बायको बाळंतपणातच दगावली होती. ते बाळ बनुबाईच्या ओटीत पडलं. त्याचं नाव जयराज. आकारामचं नाव कागदावर बाप म्हणून. पोराची आई, बाप, सगळं बनुबाईच होती. पोर तिला आत्ती म्हणायचं आणि ते ऐकून सगळं गावच तिला बनुआत्ती म्हणायला लागलं.

जयराज हुशार निघाला. जतला शिकला, मग सांगलीला विश्रामबागेत खोली करून कॉलेजात गेला. बी.एस्सी. झाला तेव्हा त्याने पेढे आणले होते आणि पहिला पेढा आत्तीच्या तोंडाशी धरला होता. तिने तो कपाळाला लावला, डोळे मिटून जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि शेजारच्या रंगूबाईच्या हातावर ठेवला. रंगूबाई म्हणाली, “आगं, पोराचा पेढा हाय. एक दिस मोडलं पथ्य तर काय देव कोपतोय व्हय?” बनुबाई नुसती हसली. तिला तो पेढा खायचा होता, फार खायचा होता. पण उद्या सकाळी कुणाचं तरी लेकरू येईल, या विचाराने तिने हात आवरला.

पुढे जयराज एम.एस्सी.ला गेला. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. चौऱ्याण्णव सालच्या पाऊसकाळात तो घरी आला आणि जेवताना म्हणाला, “आत्ती, मला थुंकी पायजे.”

“कशाला रं? नायटा झाला व्हय तुला?”

“तसं न्हवं. आमच्या मॅडमनी काम दिलंय. माणूस कसा हाय, वय किती, काय खातो, तंबाखू ओढतो का चघळतो, दात कवा घासतो, ह्याच्यावर त्येच्या थुंकीत काय काय सापडतं ते बघायचं हाय. कुठलं जंतू, किती, अजून कसली कसली द्रव्यं. गावातल्या लय माणसांची घेणार हाय. तुझी सगळ्यात आधी.”

बनुबाईचा हात भाकरीवर थांबला. “म्हंजे माझ्या थुंकीत काय गुण हाय, ते कळंल?”

जयराज क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “कळंल की. जगाला दावायचं हाय ना ते.”

ते तो का म्हणाला, हे पुढे त्यालाही धड सांगता आलं नाही. कदाचित आत्ती बाटलीत थुंकायला तयार व्हावी म्हणून म्हणाला असेल. बनुबाईने मात्र ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं. आपलं पोर शिकलं आणि शिकून आपल्याच कामाला लागलं, याचा आनंद तिला झाकता येईना. टँकरपाशी, गिरणीत, जिथे जाईल तिथे ती सांगू लागली, “माझा जयराज माझी इद्या कालिजात नेतोय.”

जयराजने खरंच गावभर हिंडून थुंकी गोळा केली. गावाने त्याला थुंक्या डॉक्टर नाव ठेवलं. पोरं त्याला बघून मुद्दाम पचापच थुंकायची. पण बाटली पुढे केली की माणसं लाजायची, आणि ज्यांच्या पिचकाऱ्यांनी देवळाची मागची भिंत रंगली होती त्यांच्या तोंडाला नेमकी तेव्हा कोरड पडायची. अशा वेळी बनुबाई सोबत जायची. “आरं, माझ्या पोराच्या परीक्षेचं हाय. दे की,” म्हणायची, आणि तिला नाही कोण म्हणणार. स्वतःची थुंकी तर ती दर खेपेला पहाटे, मुक्याने, एखाद्या पूजेला बसल्यासारखी देत होती. जयराज ती बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवायचा आणि पहिल्या गाडीने सांगलीला न्यायचा. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहायची.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. शाळूची काढणी उरकल्यावर जयराजने निरोप धाडला की शाळेच्या पटांगणात विज्ञानाचा कार्यक्रम आहे, सांगलीहून माणसं येणार आहेत, आत्तीने पुढे बसायचं. पुढे बसायचं म्हणजे सत्कार, एवढं बनुबाईला कळत होतं. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं. रंगूबाईने तिच्या केसांना तेल लावून दिलं आणि म्हणाली, “शाल दिली तर मला एक दिस पांघराय दे.”

आधी सांगलीच्या मंडळींनी नारळातून करणी काढून दाखवली, हातातून अंगारा काढला आणि मग त्यामागची हातचलाखी उलगडून सांगितली. माणसं हसली, बनुबाईही हसली. मग जयराज उभा राहिला. त्याने दोन काचेच्या बशा वर धरल्या. दोन्हींत खिरीसारखं काहीतरी थिजलेलं होतं आणि त्यावर पांढरे-पिवळे ठिपके दाट उठले होते.

“हे जंतू आहेत,” तो शहरी बोलीत म्हणाला. “एका बशीत एका तंबाखू खाणाऱ्या माणसाची थुंकी टाकली होती. दुसरीत माझ्या आत्तीची. ओळखा बरं, कुठली कुणाची?”

कुणालाच ओळखता येईना. बशा पहिल्या रांगेतून फिरल्या. बनुबाईच्या हातात आल्या तेव्हा तिलाही कळेना.

“कळणारच नाही,” जयराज म्हणाला. “कारण फरकच नाही. आत्ती पायाळू आहे म्हणून तिच्या तोंडात अमृत नाही. सगळ्यांच्या तोंडात असते तीच घाण तिच्याही तोंडात आहे. गटारात आणि तिच्या थुंकीत फार अंतर नाही. आणि ही थुंकी तुम्ही लेकरांच्या डोळ्यांना लावता.”

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू पुढे पुढे सरकत आलं. आपलं पोर आता पुढे काहीतरी बोलेल, या बोलण्याला काहीतरी चांगलं शेपूट असेल, म्हणून बनुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बनुबाईने लुगड्याचा काठ घट्ट धरला, उठली आणि सरळ घरी आली. जयराज त्याच मंडळींच्या गाडीने सांगलीला गेला. घरी डोकावला नाही.

इथे खरं तेही सांगायला हवं. थुंकीने नायटा जात नाही, हे जयराजचं म्हणणं बरोबर होतं. पण ज्या बाईने त्याचं हगणंमुतणं काढलं, तिला न सांगता, न विचारता, ठेवणीतलं लुगडं नेसवून गावापुढे बसवायची आणि तोंडघशी पाडायची, याला कुठलं विज्ञान म्हणायचं? घरात चुलीपुढे बसून सांगितलं असतं तर ती ऐकणार नव्हती का? त्याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि तो कापणारा हात तिनेच वाढवलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून दारात कुणी आलं नाही. बनुबाई सवयीने पहाटे उठायची, मुक्याने उंबऱ्याशी यायची, उजाडेपर्यंत थांबायची आणि मग चूळ भरायची. पोरं तिला गटारआत्ती म्हणू लागली. ते तिने सोसलं. पण एकदा रंगूबाईच्या नातवाने तिच्या हातची भाकरी घेतली नाही. आईने नको म्हणून सांगितलंय, म्हणाला. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. आपलं तोंड खरंच एवढं घाण आहे का, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात कीड लागल्यासारखा बसला. पोराने सांगितलं म्हणजे असणारच, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, मग जन्मभराचं पथ्य गेलं कुठं?

शेवटी तिने ठरवलं की जयराजच्या वरच्या माणसालाच विचारायचं. कुणाला न सांगता ती एस.टी.त बसली आणि सांगलीला उतरून विचारत विचारत विश्रामबागेतल्या कॉलेजात गेली. जयराज तेव्हा वर्गात होता. त्याच्या प्रियदर्शनी मॅडम प्रयोगशाळेत सापडल्या. पांढरा कोट घातलेली, चाळिशीची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. बनुबाईने नाव सांगताच ती खुर्चीतून उठलीच.

“तुम्ही जयराजच्या आत्ती? या, बसा ना. तुम्हाला कधीची भेटायचं म्हणत होते मी.”

बनुबाई बसली नाही. “मॅडम, मी अडाणी हाय. मला एकच सांगा. माझं तोंड लय घाण हाय का?”

मॅडम गोंधळल्या. “घाण? अहो, आमच्याकडे आलेल्या सगळ्या नमुन्यांत तुमचं तोंड सगळ्यात निरोगी आहे. थांबा, दाखवते.” त्यांनी कपाटातून बशा काढल्या. “या साध्या बशीत सगळ्यांचंच उगवतं, माझंसुद्धा. त्याला काही अर्थ नाही. पण ही वेगळी बशी बघा. यात फक्त दात किडवणारे जंतू वाढतात. ही बाकीच्यांची, सगळी ठिपक्यांनी भरलेली. आणि ही तुमची.”

बनुबाईने वाकून बघितलं. बशी जवळजवळ कोरी होती.

“आम्हाला आधी वाटलं, काहीतरी चुकलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं. तुम्ही साखर खात नाही, तंबाखू नाही, रात्रीचं खाणं नाही, ते सगळं तुमच्या थुंकीत उतरलंय. हिरड्यांचे रोग करणारे जंतूसुद्धा तुमच्यात नावाला आहेत. जयराजच्या प्रबंधाचा अर्धा भाग तुमच्यावर आहे. कोल्हापूरला विद्यापीठातल्या परिषदेत त्याने हेच वाचून दाखवलं, बक्षीस मिळालं त्याला. त्याने सांगितलं नाही तुम्हाला?”

“न्हाई,” बनुबाई म्हणाली. आणि तिने विचारलं, “मग ह्या थुंकीनं नायटा जातो का?”

“नाही हो,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “ते नाही होत. नायट्याला मलमच लावायला हवं. आणि डोळ्याला तर कुणाचीच थुंकी लावू नये.”

“बरं. न्हाई तर न्हाई.” बनुबाईने ते लगेच मान्य केलं. वाईट वाटलं, पण समोरून, सरळ सांगितलेलं वाईट होतं ते. “आन् माझी बशी कोरी हाय, हे जयराजला कवा कळालं?”

“दिवाळीच्या आधीच. का हो?”

बनुबाईने मनाशी हिशेब केला. पटांगणातला कार्यक्रम शाळू काढल्यावर झाला होता. म्हणजे तो उभा राहिला तेव्हा त्याला ठाऊक होतं. कोरी बशी सांगलीत ठेवून तो भरलेली घेऊन आला होता. आत्तीचं निर्मळ तोंड त्याने कोल्हापूरला नेऊन बक्षीस घेतलं, आणि गावाला दाखवलं ते गटार. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा कुठे तिने गावाचं नाव सांगितलं.

त्याच आठवड्यात जयराज आला. मॅडमकडून त्याला सगळं कळलं होतं. बनुबाईने नेहमीसारखं त्याचं ताट वाढलं. तो जेवेना.

“आत्ती, मी काय सांगतो ते ऐक. गावापुढं मी म्हणालो असतो की हिची थुंकी सगळ्यात चांगली हाय, तर लोक काय म्हणाली असती? बघा, कालिजानं बी सांगितलं, आत्तीच्या थुंकीत ताकद हाय. मग दुप्पट माणसं आली असती. लोकांना बारीकसारीक सांगून कळत न्हाई. त्यांना एकच गोष्ट सांगावी लागती.”

“आन् मला?” बनुबाई म्हणाली. “मला बी एकच सांगायची व्हती? मला तरी घरात सांगायचं. मी तुझ्या हातात तोंड दिलं व्हतं रं.”

 जयराजने मान खाली घातली. चुकलं, म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं असावं, कारण त्याचे डोळे भरले होते. पण मग, माणूस कसा असतो बघा, त्याच ओल्या डोळ्यांनी त्याने पिशवीतून बाटली काढली आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवली. प्रबंध द्यायच्या आधी मॅडमना आणखी एक नमुना हवा होता. फक्त आत्तीचा. “उद्या पहाटं दे,” तो म्हणाला. “ह्या येळंनंतर पुन्हा मागणार न्हाई.”  बनुबाईने त्याचं अंथरूण घातलं.

सकाळी जयराजला जाग आली ती बोलण्याने. अजून नीट उजाडलं नव्हतं आणि अंगणात आत्तीचा आवाज येत होता. त्या वेळेला त्या घरात आजवर कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. तो बाटली घेऊन बाहेर आला. बनुबाई रंगूबाईच्या शेजारी पाय पसरून बसली होती. पुढ्यात चहाचा रिकामा पेला होता, तळाशी गुळाचा गाळ. रंगूबाईची मिसरीची डबी मधे उघडी होती आणि आत्तीचे पांढरेशुभ्र दात काळे झाले होते. तंबाखूची सवय नसल्याने तिला घाम फुटला होता, डोळे गरगरत होते. रंगूबाई काकुळतीला येऊन म्हणत होती, “बास की गं आता, चक्कर यील,” पण ती पुन्हा डबीत बोट घालत होती.

“आत्ती, हे काय केलंस?” जयराज खाली बसला. “सगळं पथ्य गेलं की. आता ह्यो नमुना काय कामाचा?”

“कामाचा हाय,” बनुबाई म्हणाली. तोंडात मिसरी असल्याने शब्द जड येत होते. “गावापुढं तू जे बोललास ते खोटं व्हतं. मी वाढवलेलं पोर खोटं ठरायला नगं. आता माझ्या तोंडात आन् बाकीच्यांच्यात कायबी फरक न्हाई.”

आणि तिने बाटलीसाठी हात पुढे केला.